आरएचसीएसए: पास झाल्यानंतर वर्षभर सर्व्हरवर काम करून आलेला अनुभव

आरएचसीएसए (रेड हॅट सर्टिफाइड सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर) ही रेड हॅटची लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठीची पहिली परीक्षा. कोड ईएक्स२००. मी ती आरएचईएल ९ वर (आरएचईएल म्हणजे रेड हॅटची स्वतःची लिनक्स) दिली आणि गेलं जवळपास वर्षभर हिंजवडीतल्या एका कंपनीत लिनक्स सपोर्टच्या टीममध्ये रोज हेच काम करते आहे. त्याआधी त्याच कंपनीत एल-वनला, म्हणजे सपोर्टच्या पहिल्या पायरीवर होते. तिकीट आलं की एसओपी (ठरलेल्या पायऱ्यांचा कागद) उघडायचा, त्यातल्या कमांड चिकटवायच्या, नाही जमलं की एल-टूकडे ढकलायचं. आता मी एल-टूला आहे. लातूरकडची ओळखीतली मुलं-मुली फोन करून एकच विचारतात, "ताई, करू का हे सर्टिफिकेशन? पैसे वसूल होतात का?" दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

माझं उत्तर आधीच देते. लिनक्सवर काम करायचं असेल तर करा, पण सर्टिफिकेटसाठी म्हणून करू नका, त्या तयारीतून हाताला जी सवय लागते तिच्यासाठी करा. आणि क्लास लावायचाच असेल तर फार पारखून लावा.

परीक्षा कशी असते ते थोडक्यात. तीन तास, समोर मशीन, आणि कामांची यादी. पर्याय निवडायचे प्रश्न एकही नाही. ३०० पैकी २१० मिळाले की पास. इंटरनेट नाही, नोट्स नाहीत, पण मशीनवरचे मॅन पेज, म्हणजे प्रत्येक कमांडची माहिती देणारी पानं, उघडता येतात. पेपरात नेमकं काय आलं ते बाहेर सांगायचं नाही असा करार आपण मान्य केलेला असतो, त्यामुळे ते विचारू नका. अभ्यासक्रम मात्र रेड हॅटच्या साइटवर उघड आहे: युजर आणि ग्रुप, परवानग्या, पार्टिशन आणि एलव्हीएम (डिस्कची जागा हवी तशी वाटायची सोय), नेटवर्क, फायरवॉल, एसईलिनक्स (परवानग्यांच्या वरचा आणखी एक सुरक्षेचा थर), शेड्यूल केलेली कामं, छोटी बॅश स्क्रिप्ट, आरएचईएल ९ मध्ये पॉडमॅन या टूलवरचे कंटेनर (वेगळ्या कप्प्यात चालणारे प्रोग्रॅम). त्या यादीतच एक वाक्य आहे, आणि सगळी परीक्षा त्या वाक्यावर उभी आहे. केलेलं कॉन्फिगरेशन मशीन रीबूट झाल्यावर कोणी हात न लावता टिकलं पाहिजे.

हे वाचताना साधं वाटतं. पण आपण शिकतो तेव्हा बहुतेक कमांड 'आत्ता चाललं ना' इथवरच शिकतो. सर्व्हिस स्टार्ट केली, चालली, पुढे चला. एनेबल केली नाही तर रीबूटनंतर ती बंदच. फायरवॉलचा नियम टाकला पण पर्मनंट लिहिलं नाही, गेला. एसईलिनक्सचं बूलियन (चालू-बंदचं बटण) बदललं पण कॅपिटल पी दिला नाही, गेलं. डिस्क माउंट केली, म्हणजे वापरायला जोडली, पण एफएसटॅबमध्ये (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी असलेली फाइल) ओळ नाही, गेली. आणि एफएसटॅबमध्ये ओळ चुकीची लिहिली तर मशीनच वर येत नाही, मग त्यावर केलेलं बाकीचं सगळं काम असून नसल्यासारखं. म्हणून तयारीत मी प्रत्येक सरावाच्या शेवटी मशीन रीबूट करायचे आणि मग कागदावरची यादी घेऊन एकेक तपासायचे. एफएसटॅबला हात लावला की आधी 'माउंट -ए' चालवून बघायचं, काही कुरकुर न करता गेलं तरच रीबूट. ही सवय मला आजही रोज कामाला येते.

कामाला येते म्हणजे कशी, एक प्रसंग सांगते. आमच्याकडे महिन्यातून एका शनिवारी रात्री पॅचिंग, म्हणजे सिस्टिमचे अपडेट टाकायचं काम असतं. क्लायंटने दिलेल्या वेळात पॅच टाकायचे, सर्व्हर रीबूट करायचे, अ‍ॅप्लिकेशन टीमकडून 'ओके' घ्यायचं. एकदा एक डेटाबेस सर्व्हर रीबूटनंतर परत आलाच नाही. पिंग नाही, एसएसएच नाही. कन्सोल उघडला तर दीडेक मिनिट एका डिस्कची वाट बघून मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबलेलं, रूटचा पासवर्ड मागत. ब्रिज कॉलवर (सगळ्यांच्या एकत्र फोनवर) क्लायंटची माणसं, आमचे लीड सर, स्टोरेजवाले, सगळे एकदम बोलायला लागलेले. कोणी म्हणे कर्नल मागे घ्या, कोणी म्हणे बॅकअपवरून उचला. मी आत गेले, 'जर्नलसीटीएल -एक्सबी' मध्ये शेवटच्या ओळी बघितल्या, तर एक माउंट फेल झालेलं. 'एलएसबीएलके -एफ' मारून बघितलं तर डिस्क जागेवर होती, फक्त तिचं नाव बदललेलं. आधी जी एसडीसी होती ती या बूटला एसडीबी झाली होती, आणि एफएसटॅबमध्ये कोणी तरी कधी तरी थेट एसडीसी१ असं लिहून ठेवलेलं. मी त्या जागी यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) टाकला, 'माउंट -ए' केलं, स्वच्छ गेलं. रीबूट केलं, सर्व्हर वर आला. लीड सर एवढंच म्हणाले, "बाकीच्या सर्व्हरचे एफएसटॅब पण बघून घे गं सोमवारी." सोमवारी बघितले, तशीच ओळ आणखी काही ठिकाणी सापडली आणि चेंज रिक्वेस्ट टाकून बदलून घेतली.

डिस्क नावाने नव्हे, यूयूआयडीने लिहायची हे मला तयारीत मुरलेलं होतं, त्यामुळे दोष कुठे शोधायचा ते त्या गोंधळात लगेच सुचलं. या परीक्षेने मला काय दिलं याचं सगळ्यात खरं उत्तर हेच.

दुसरी गोष्ट एसईलिनक्स. बऱ्याच ठिकाणी जुने-जाणते लोक काही अडलं की पहिलं काम 'सेटएन्फोर्स शून्य' करतात, म्हणजे एसईलिनक्सची अडवणूकच बंद करतात. चालायला लागतं, तिकीट बंद होतं, आणि सर्व्हर मात्र उघडा पडतो. मी तयारीत या विषयाला सगळ्यात जास्त वेळ दिला आणि त्याचं मला फार समाधान आहे. एक नेहमीचं उदाहरण घ्या. डेव्हलपर वेबसाइटच्या फाइल आपल्या होम डिरेक्टरीत तयार करतो आणि 'एमव्ही'ने वेबच्या डिरेक्टरीत हलवतो. परवानग्या बरोबर, मालक बरोबर, अपाचे चालू, आणि ब्राउझरमध्ये मात्र ४०३, म्हणजे 'परवानगी नाही'. कारण 'एमव्ही' केलं की फाइल आपलं एसईलिनक्सचं जुनं लेबल घेऊनच जाते, 'सीपी' केलं असतं तर नव्या जागेचं लेबल लागलं असतं. 'एलएस -झेड' केलं की ते डोळ्याला दिसतं, आणि 'रिस्टोरकॉन'ने क्षणात निस्तरतं. त्यासाठी आख्ख्या सर्व्हरचं संरक्षण काढायची काही गरज नसते. आमच्या टीममध्ये आता अशी तिकिटं माझ्याकडे येतात आणि मी शेजारी बसवून नव्या मुलांना दाखवते.

मॅन पेजबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांना खरी भीती इथेच वाटते. ते इंग्रजी कोरडं असतं, लांबच लांब असतं, आणि पहिल्या दहा ओळींत आपण हरवतो. पण ते पुस्तकासारखं सुरुवातीपासून वाचायचं नसतं. उघडायचं, स्लॅश मारून 'एक्झाम्पल' शोधायचं, उदाहरणाची ओळ घ्यायची आणि आपल्या कामाप्रमाणे बदलायची. नेटवर्कसाठी 'एनएमसीएलआय-एक्झाम्पल्स' नावाचं वेगळं पानच आहे. एसईलिनक्सला पोर्ट जोडायची कमांड आठवत नसेल तर 'सेमॅनेज-पोर्ट'च्या पानाच्या तळाशी जवळजवळ तयार मिळते. कमांडचं नावच आठवत नसेल तर 'मॅन -के' आणि पुढे विषयाचा शब्द. मी सरावाच्या काळात गूगल बंद ठेवून फक्त मॅन पेजवर काम करायची सक्ती स्वतःवर केली होती. सुरुवातीला जीव नकोसा होतो, महिन्याभरात डोळा बसतो. बँकांचे सर्व्हर असतात तिथे इंटरनेट नसतंच, तेव्हा याची किंमत कळते.

सरावाला खर्च जवळजवळ येत नाही. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर दोन छोट्या व्हर्च्युअल मशीन आरामात चालतात. रेड हॅटचं डेव्हलपर सबस्क्रिप्शन वैयक्तिक वापराला फुकट आहे, १६ सिस्टिमपर्यंत चालतं, त्यामुळे खरं आरएचईएलच वापरता येतं. अल्मालिनक्स किंवा रॉकी या आरएचईएलसारख्याच फुकट लिनक्स घेतल्या तरी काम भागतं. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला दोन-तीन रिकाम्या डिस्क जोडून ठेवा आणि एलव्हीएम बनवा, वाढवा, मोडा, परत बनवा. एक्सएफएस ही फाइल सिस्टिम वाढते पण लहान होत नाही, हे एकदा स्वतः करून बघितलं की जन्मात विसरत नाही. रेड हॅटचे अधिकृत कोर्स, आरएच१२४ आणि आरएच१३४, चांगले आहेत, पण खिशाला फार जड. कंपनी भरत असेल तर जरूर करा.

आता क्लासेस. मी पुण्यातल्या एका क्लासला प्रवेश घेतला होता, नाव लिहीत नाही. पहिले काही आठवडे ठीक गेले. मग एक पीडीएफ हातात आली, 'हेच येतं' म्हणून. त्यातल्या प्रश्नांची उत्तरं, कमांड क्रमाने, रोज टाइप करून घ्यायची. का म्हणून विचारलं तर "आधी पास हो, मग समजेल." मला याचा मनापासून राग आला. मुलं गावाकडून आई-वडिलांचे पैसे घेऊन येतात, कॉट बेसिसवर राहतात, आणि त्यांना शिकवायच्या जागी उत्तरपत्रिका विकली जाते. रेड हॅटच्या नियमात हे बसत नाही, पकडलं तर सर्टिफिकेट जातं, हा एक भाग. पण त्याहून मोठं नुकसान मुलाखतीत होतं. आमच्याकडे मुलाखतीला मुलांसमोर टर्मिनल ठेवतात. पीडीएफवाला मुलगा पार्टिशन झटकन बनवतो आणि 'हे अमुक कारणाने माउंट होत नाहीये, बघ' म्हटलं की तिथेच अडतो. क्लास निवडताना एकच प्रश्न विचारा: लॅबमध्ये मशीन मुद्दाम बिघडवून देता का? देत असतील तर जा.

परीक्षा मी घरून दिली. रेड हॅट देतं ती लाइव्ह इमेज पेनड्राइव्हवर घेऊन लॅपटॉप त्यावरून बूट करावा लागतो, आणि लांब वायरचा वेगळा वेबकॅम लागतो, लॅपटॉपमधला चालत नाही. खोली, टेबल, टेबलाखाली, सगळं दाखवावं लागतं. आधीच्या दिवसांत कंपॅटिबिलिटी तपासणी करून घ्याच, कारण काही लॅपटॉपचं वायफाय कार्ड त्या इमेजमध्ये ओळखलं जात नाही. मी सरळ राउटरवरून केबल घेतली आणि घरमालकांच्या इन्व्हर्टरवर राउटर लावला. खोलीत मैत्रिणींसोबत राहणाऱ्यांनी घरून देण्यापेक्षा सेंटर गाठलेलं बरं, मध्ये कोणी दार उघडून आलं तर पंचाईत. निकाल ईमेलने येतो, विषयवार टक्क्यांसह.

जे मिळत नाही तेही सांगते. परीक्षेत काम स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असतं. नोकरीत तिकिटावर 'सर्व्हर स्लो आहे' एवढंच असतं. स्लो म्हणजे सीपीयू, मेमरी, डिस्क, नेटवर्क की डेटाबेसची क्वेरी, हे शोधायची पद्धत या अभ्यासात फार वरवर येते. ती मला रात्रपाळीत सिनियरच्या मागे उभं राहून शिकावी लागली. दुसरं, परीक्षेत दोन-चार मशीन, इथे शेकडो. एकेका सर्व्हरवर हाताने जाऊन काम करणं परवडत नाही, अन्सिबल (एकच काम अनेक सर्व्हरवर एकदम करणारं टूल) लागतंच, आणि ते पुढच्या परीक्षेत आहे. क्लाउड, मॉनिटरिंग, कुबरनेटीस यातलं काही नाही. पॉडमॅनचे रूटलेस कंटेनर मी खूप घोटले, लिंगर (लॉगआउटनंतरही युजरची कामं चालू ठेवणारी सेटिंग) एनेबल करायला विसरलं की लॉगआउटबरोबर कंटेनर बंद पडतो वगैरे, पण आमच्याकडे त्याचा उपयोग क्वचित होतो.

पगाराचं विचारतात म्हणून सांगते. पास झाले म्हणून कोणी लगेच पगार वाढवला नाही. सर्टिफिकेटमुळे अंतर्गत एल-टूच्या जागेसाठी माझा अर्ज पुढे गेला, आणि बाहेरच्या कंपन्यांचे फोन वाढले, कारण एचआरच्या गाळणीत ते नाव शोधलं जातं. सर्टिफिकेट खरं आहे की नाही ते क्रमांक टाकून रेड हॅटच्या साइटवर कोणीही तपासू शकतं, त्यामुळे त्याला वजन आहे. पण जागा मिळाली ती टर्मिनलवरच्या मुलाखतीत. विंडोज, टेस्टिंग किंवा डेव्हलपमेंटकडे जाणाऱ्यांनी यात वर्ष घालवू नये. नेटवर्ककडे ओढा असेल तर सिस्कोची सीसीएनए जास्त उपयोगी पडेल.

सर्टिफिकेट तीन वर्षं चालू राहतं. माझी मुदत संपायच्या आत ईएक्स२९४, म्हणजे पुढची आरएचसीईची परीक्षा, द्यायचं ठरवलं आहे, आरएचसीई झालं की आरएचसीएसएची मुदतही पुढे सरकते आणि अन्सिबल पक्कं होतं. नव्याने सुरू करणाऱ्यांनी एक काळजी घ्या. २०२५ मध्ये आरएचईएल १० आलं आहे, आणि आवृत्ती बदलली की अभ्यासक्रमातले काही विषय बदलतात. मित्राची जुनी वही किंवा यूट्यूबवरची जुनी मालिका घेऊन बसण्याआधी रेड हॅटच्या साइटवरचं ईएक्स२०० चं पान उघडा, तुम्ही बुक करणार ती परीक्षा कुठल्या आवृत्तीवर आहे ते बघा, आणि घरी नेमकी तीच आवृत्ती टाकून सराव करा.