रॉड्रिग्ज बेट: मॉरिशसच्या सहलीत मधे बसवा, शेवटी नको

मॉरिशसचं तिकीट काढणाऱ्या बहुतेकांना त्याच देशाचं दुसरं बेट माहीत नसतं. रॉड्रिग्ज मॉरिशसच्या पूर्वेला जवळपास ६०० किलोमीटरवर आहे. क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर, वस्ती चाळीस-पंचेचाळीस हजारांची, मोठी हॉटेलं मोजकीच. समुद्र, वारा, पायवाटा आणि घरचं जेवण यांसाठी जाणार असाल तर आमच्याकडून पाचपैकी साडेचार. पॅरासेलिंग, मॉल आणि बुफे हवा असेल तर मॉरिशसच्या उत्तर किनाऱ्यावरच राहा, तिथे ते सगळं चांगलं मिळतं.

आधी क्रमाचं बोलू, कारण बेत फसतो तो इथेच. मुंबईहून मॉरिशसला थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. पुढे रॉड्रिग्जला एटीआर ७२ जातं, सत्तरेक आसनांचं पंख्याचं विमान, दीड तासाचं उड्डाण. अनेक जण आधी मॉरिशस ‘उरकून’ रॉड्रिग्ज शेवटी ठेवतात आणि परत आल्याच दिवशी रात्रीचं मुंबईचं विमान धरतात. असं करू नका. चक्रीवादळाचा इशारा आला की उड्डाणं रद्द होतात, आणि विमान लहान असल्यामुळे अडकलेले सगळे प्रवासी पुढच्या एका फेरीत मावत नाहीत. दहा रात्री असतील तर मॉरिशसला दोन, रॉड्रिग्जला पाच आणि परत मॉरिशसला तीन, अशी मांडणी ठेवा. शेवटच्या तीन रात्रींतली एखादी कमी झाली तरी घरी परतायचं विमान चुकत नाही. शक्य असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्याचं नुकसान तुमच्याच माथी.

सामानाची मर्यादा तिकिटावर टप्प्यागणिक वाचा. लहान विमानाची मर्यादा आंतरराष्ट्रीय टप्प्यापेक्षा कमी असू शकते. वरचे कप्पेही अरुंद असतात, चाकांची केबिन बॅग त्यात बसेलच असं नाही. जास्तीचे कपडे मॉरिशसच्या हॉटेलात ठेवून मऊ पिशवी घेऊन जाणं सोयीचं. देश एकच असला तरी पासपोर्ट हाताशी हवा. भारतीय पासपोर्टवर मॉरिशसला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, मात्र परतीचं तिकीट, राहण्याची नोंद आणि ऑनलाइन भरायचा प्रवासी फॉर्म तयार ठेवा. फॉर्म सरकारी आहे आणि फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर ती बंद करा.

कधी जावं? चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबर ते एप्रिल, त्यातही जानेवारी ते मार्च जोखमीचे. मे ते सप्टेंबर हवा कोरडी आणि थंडावा सुखाचा, पण आग्नेयेचा वारा सतत अंगावर. काइटसर्फिंगवाले याच वाऱ्यासाठी बेटावरच्या मुरूकला येतात. लहान मुलांना पाण्यात खेळवायचं असेल त्यांना मात्र तो नकोसा होतो. दोन्ही बाजूंनी सोयीचा काळ म्हणजे ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला भाग. ईस्टर, नाताळ आणि मॉरिशसमधल्या जोडून आलेल्या सुट्ट्या टाळा. मॉरिशसमध्ये मराठी भाषकांचा जुना समाज आहे आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ती शनिवार-रविवारला लागून आली तर विमानाच्या जागा लवकर संपतात.

राहण्यासाठी हॉटेलापेक्षा ‘झीत’ (gîte) घ्या, म्हणजे घरमालकच चालवतो ते छोटं निवासस्थान. बहुतेक ठिकाणी न्याहारी आणि रात्रीचं जेवण भाड्यात धरलेलं असतं. कोकणातल्या घरगुती सोयीची ज्यांना सवय आहे त्यांना इथे काहीच परकं वाटणार नाही. पैसे भरण्याआधी मात्र चार गोष्टी विचारा. पाण्याची टाकी केवढी आहे? (बेटावर पाण्याची टंचाई जुनीच आहे, नळ रोज येईलच असं नाही.) गरम पाणी सौर आहे की विजेचं? विमानतळावर न्यायला कोण येणार आणि किती घेणार? आणि शाकाहारी जेवण म्हणजे नेमकं काय वाढणार? शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. लाल घेवडा, मका, भात, टोमॅटोची चटणी, लिंबू-मिरचीचं लोणचं असं उत्तम शाकाहारी ताट इथे होऊ शकतं, पण दोन दिवस आधी सांगितलं तरच. ‘मासे चालतात ना?’ असं कुणी विचारलं तर उत्तर स्वच्छ द्या.

मांसाहारी असाल तर ऑक्टोपस खाल्ल्याशिवाय येऊ नका. सॅलड, रस्सा आणि उन्हात वाळवलेला, तिन्ही प्रकार मिळतात. ओहोटीला बायका उथळ पाण्यात चालत तो पकडतात. पिल्लांना वाढायला वेळ मिळावा म्हणून २०१२ पासून ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पकडायला बंदी असते. तेव्हा ताज्याचा आग्रह धरू नका.

पाच रात्रींत एक शनिवार आलाच पाहिजे. पोर्ट माथुरिन या मुख्य गावातला शनिवारचा बाजार भल्या सकाळी भरतो आणि दहाच्या सुमारास ओसरतो. मध, लोणची, लिंबं, पपईच्या मुरंब्याचे टार्ट इथेच घ्या. कापडी पिशवी न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांवर बेटावर बंदी आहे. रविवारी गाव जवळजवळ बंद असतं, म्हणून रोख रक्कम आणि पेट्रोल शनिवारीच भरून ठेवा. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात, रस्ते वळणांचे आणि चढ-उताराचे. बस स्वस्त आहेत, पण संध्याकाळी लवकर थांबतात.

रविवार चालण्यासाठी ठेवा. साँ फ्राँस्वाहून त्रू दार्जांमार्गे ग्राव्हिएपर्यंतची किनाऱ्याची वाट निवांत चालत दोन-अडीच तासांची आहे. त्रू दार्जां म्हणजे दोन कड्यांमध्ये अडकलेली इवलीशी पुळण. या बेटावर एकच जागा पाहायची झाली तर ही. सावली नाही, दुकान नाही. माणशी दोन लिटर पाणी घ्या. भरती आणि वारा जोरात असेल तर तिथे पोहू नका. सूर्याचाही हिशेब ठेवा. घड्याळ मॉरिशसचंच असलं तरी बेट पूर्वेला असल्यामुळे अंधार वीस-पंचवीस मिनिटं आधी पडतो. जूनमध्ये सव्वापाचलाच सूर्य मावळतो, त्यामुळे दुपारी तीननंतर ही वाट सुरू करू नये.

इल ओ कोको हे पक्ष्यांचं छोटं बेट दुसऱ्याच दिवशी बुक करा, शेवटच्या दिवशी नाही. होडी पॉइंट द्यू दियाब्लहून सुटते आणि सुमारे तासभर घेते. रॉड्रिग्जभोवतीचं खाजण (लगून) रॉड्रिग्जच्या दुपटीहून मोठं आहे, पण इतकं उथळ की सुटायची वेळ भरती-ओहोटी ठरवते आणि वारा वाढला तर फेरी रद्द होते. पुढे तीन दिवस शिल्लक असतील तर ती पुन्हा लावता येते. परवाना होडीवाला काढतो, पण किमतीत तो आणि जेवण धरलंय का ते विचारून घ्या. पांढरी कुररी तिथे घरट्याशिवाय, उघड्या फांदीवर अंडं घालते. म्हणून फांदीला हात लावायचा नाही आणि आखून दिलेल्या भागाबाहेर जायचं नाही. खाजणात उतरताना रबरी तळव्याचे बूट घाला; समुद्री साळू आणि दगडमासा पायाखाली दिसत नाहीत.

फ्राँस्वा लगा राखीव क्षेत्रासाठी अर्धा दिवस पुरतो. इथली मूळची महाकाय कासवं आणि डोडोच्या कुळातला सॉलिटेर पक्षी माणसाने संपवले. आता अल्डाब्रा आणि मादागास्करच्या जातींची कासवं मोकळ्या घळीत फिरतात. सोबतची गुहा मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते. ग्राँद मोंताञ्ञच्या जंगलात देशी झाडं पुन्हा लावली आहेत. नामशेष समजलेल्या रानकॉफीचं एकच झाड १९८० मध्ये एका शाळकरी मुलाला सापडलं आणि १९८६ मध्ये त्याच्या फांद्या लंडनच्या क्यू उद्यानात पाठवून ती जात वाचवली गेली. मार्गदर्शक घेतलात तर अशा झाडांपाशी थांबता येतं, एकट्याने गेलात तर नुसतं रान दिसेल.

अर्धा गुण कापला तो पाण्याच्या टंचाईसाठी आणि वैद्यकीय सोयीसाठी. बेटावर मुख्य रुग्णालय एकच आहे आणि गंभीर रुग्णाला विमानाने मॉरिशसला हलवावं लागतं. तो खर्च भरणारा प्रवास विमा घ्या, रोजची औषधं आठवडाभर जास्तीची न्या आणि डासांचं मलम विसरू नका.