गिअरबॉक्सचा कूलर: साधा की पंख्याचा?

दगडधोंड्यांतून ताशी ५ किलोमीटरने चढताना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत. तेल घुसळून तापतं आणि समोरून वारा तर नसतोच. रेडिएटरपुढे बसवलेला साधा कूलर इथेच कमी पडतो, कारण त्याची सगळी भिस्त इंजिनाच्या पंख्यावर. पण तो स्वस्त, वायरिंग नाही. जाळीत चिखल बसला की मात्र पाण्याने धुवावाच लागतो.

स्वतःचा विजेचा पंखा असलेला कूलर महाग. रिले, फ्यूज, तेलाच्या पाइपवर थर्मोस्टॅट स्विच (तेल तापलं की पंखा चालू करणारा), सगळं नीट जोडलेलं हवं. ओढ्यात उतरताना पंखा बंद करायचं बटण ठेवाच, नाहीतर पाती मोडतात. मात्र इंजिन चालू ठेवून गाडी उभी असली तरी तो तेल थंड करतो.

बहुतेक हायवे, अधूनमधून कच्चा रस्ता: साधा पुरे. वाळू, लांब चढ, मागे ट्रेलर: पंख्याचाच. कुठलाही घ्या, दगडधोंड्यांत, कच्च्या चढावर आधी लो रेंज (फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतले कमी वेगाचे, जास्त जोराचे गिअर) टाका. उष्णता मुळातच कमी तयार होते.