प्लिकर्स कार्डे: पदवीच्या वर्गात दोन वर्षे वापरल्यानंतर

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या एका महाविद्यालयात मी पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. एखादी संकल्पना समजावून झाल्यावर "समजलं का?" असे विचारले की "हो मॅडम" असे उत्तर येते. त्या उत्तरावर विसंबून मी अनेक वर्षे पुढच्या घटकाकडे वळत राहिले आणि सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना दरवेळी मला वाईट वाटत राहिले. तास चालू असतानाच प्रत्येकाच्या मनात काय आहे हे कळावे, यासाठी मी साधन शोधत होते. विद्यार्थ्यांच्या हाती मोबाइल असणे ज्यांत गरजेचे असते, ती कहूट किंवा मेंटिमीटरसारखी साधने आमच्या वर्गासाठी सोयीची नव्हती, कारण काहींकडे स्मार्टफोन नाही आणि ज्यांच्याकडे आहे त्यांतल्या काहींचा डेटा महिनाअखेरीस संपलेला असतो. म्हणून मी प्लिकर्सकडे वळले.

प्लिकर्सची रचना अगदी साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला कागदाचे एक कार्ड द्यायचे. त्यावर क्यूआर कोडसारखी काळी आकृती असते आणि चार बाजूंना ए, बी, सी, डी ही अक्षरे असतात. आपल्या उत्तराचे अक्षर वरच्या बाजूला येईल अशा रीतीने विद्यार्थी कार्ड धरतो, शिक्षक आपल्या फोनवर प्लिकर्सचे ॲप उघडून कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवतो आणि काही सेकंदांत सर्वांची उत्तरे नोंदली जातात. प्रत्येक कार्डाला स्वतंत्र क्रमांक असून तो हजेरीपटातल्या नावाशी जोडता येतो. प्रत्येक आकृती वेगळी असते आणि अक्षरे इतकी बारीक छापलेली असतात, की शेजाऱ्याचे कार्ड पाहून त्याचे उत्तर ओळखता येत नाही. माझ्या मते या साधनाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे. हात वर करायला सांगितले की मागच्या बाकावरचे विद्यार्थी पुढच्या हुशार मुलांचे हात पाहून आपले हात उचलतात. कार्डांमुळे तो मार्ग बंद होतो, आणि चुकलेल्याचे नाव चारचौघांत उघडही होत नाही.

कार्डे संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा आणि मोठा संच ६३ कार्डांचा आहे. एका ए-४ कागदावर दोन कार्डे बसतात, त्यामुळे मोठ्या संचाला बत्तीस कागद पुरतात. ती जाड कागदावर छापावीत आणि चकचकीत लॅमिनेशन अजिबात करू नये. मी पहिल्याच महिन्यात हौसेने सगळा संच लॅमिनेट करून घेतला. ट्यूबलाइटचा उजेड त्यावरून परावर्तित होऊ लागला आणि खिडकीकडच्या रांगांची उत्तरे कॅमेऱ्याला वाचता येईनात, म्हणून तो संच बाजूला ठेवून दुसरा छापावा लागला. बोट काळ्या आकृतीवर येता कामा नये, हेही पहिल्या दोन-तीन तासांत आवर्जून सांगावे लागते. शिक्षकाच्या फोनला इंटरनेट लागते. प्रोजेक्टर असेल तर उत्तम. नसेल तर प्रश्न फळ्यावर लिहूनही काम भागते.

मात्र कार्डे ही केवळ उत्तरे गोळा करण्याची सोय आहे. त्यांच्यामुळे शिकणे घडेल की नाही, हे प्रश्नावर आणि उत्तरे गोळा झाल्यानंतर शिक्षक काय करतो यावर ठरते. हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९१ साली वर्गात जी पद्धत सुरू केली, तिचा गाभा हाच आहे. आपले विद्यार्थी गणिते अचूक सोडवतात, पण न्यूटनच्या नियमांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न चुकतात, हे त्यांना चाचणीतून दिसले होते. त्यांच्या पद्धतीत विद्यार्थी आधी एकट्याने विचार करून उत्तर देतो, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून देण्याचा प्रयत्न करतो आणि त्यानंतर पुन्हा उत्तर देतो. पहिल्या फेरीत साधारण ३० ते ७० टक्के उत्तरे बरोबर आली, तर चर्चेचा लाभ सर्वाधिक होतो. त्याहून कमी आली तर शिक्षकाने पुन्हा समजावून सांगावे आणि जास्त आली तर थोडक्यात खुलासा करून पुढे जावे. हा निर्णय तिथल्या तिथे घेण्यासाठी जी आकडेवारी लागते, ती प्लिकर्स फोनच्या पडद्यावर लगेच देते.

माझ्या वर्गातला एक प्रश्न सांगते. चेंडू सरळ वर फेकला आहे; तो सर्वांत उंच बिंदूवर असताना त्याचे त्वरण किती? पर्याय असे: शून्य. ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग, खालच्या दिशेने. तेवढेच, पण वरच्या दिशेने. आणि चेंडूच्या वस्तुमानावर अवलंबून. गतीची समीकरणे ज्यांना तोंडपाठ आहेत असे कितीतरी विद्यार्थी पहिल्या फेरीत शून्यावर कार्ड धरतात, कारण तिथे वेग शून्य होतो हे त्यांना माहीत असते आणि वेग व त्वरण यांची गल्लत मनात खोल रुजलेली असते. मी उत्तर न सांगता, आलेखही न दाखवता, दोन मिनिटे शेजाऱ्याशी बोलायला सांगते. आमचे अध्यापन इंग्रजीतून चालते, पण ही दोन मिनिटे पूर्णपणे मराठीत जातात. "अगं, त्वरण शून्य असतं तर तो खाली आलाच नसता, तिथेच राहिला असता" हे वाक्य एका मुलीने मैत्रिणीला ऐकवले, तेव्हा माझ्या अर्ध्या तासाच्या विवेचनापेक्षा ते अधिक नेमके आहे हे मला मनापासून मान्य करावे लागले. दुसऱ्या फेरीत बहुतेक कार्डे बरोबर उत्तराकडे, म्हणजे दुसऱ्या पर्यायाकडे, फिरलेली होती.

पर्याय तयार करण्यात माझा सर्वाधिक वेळ जातो. चुकीचा पर्याय कोणाला तरी खरोखर पटणारा असला पाहिजे, नाहीतर चर्चेला जागाच उरत नाही. त्यासाठी मी जुन्या उत्तरपत्रिकांतल्या चुका वहीत टिपून ठेवते आणि त्यांतूनच पर्याय घेते. व्याख्या विचारणारे किंवा सूत्रात किंमती भरायला लावणारे प्रश्न यासाठी निरुपयोगी आहेत. एका तासात दोन, फार तर तीन प्रश्न पुरतात. विनामूल्य खात्यात प्रश्नसंचाला असलेली मर्यादा त्यामुळे मला जाणवली नाही.

मर्यादा आहेत त्या मुख्यतः वर्गाच्या आकाराच्या. ६३ पेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर प्रत्येकाला कार्ड मिळत नाही. पहिल्या वर्षी माझा वर्ग मोठा होता, म्हणून मी बाकावरच्या दोघांत एक कार्ड दिले. त्यामुळे गलका वाढला आणि एकट्याने विचार करण्याची पायरी हातची गेली. जोडीतला बोलका विद्यार्थी उत्तर ठरवी आणि दुसरा कार्ड धरी. यंदाचा वर्ग लहान असल्याने प्रत्येकाच्या हाती कार्ड आहे आणि फरक स्पष्ट दिसतो. शंभराहून मोठ्या वर्गासाठी मी हे साधन सुचवणार नाही. चारच पर्याय असल्याने दीर्घ उत्तरे किंवा सिद्धता यांचा प्रश्नच येत नाही.

दुसरी अडचण विद्यार्थ्यांच्या अपेक्षेची आहे. पहिल्या महिन्यात काहींनी येऊन "मॅडम, या तासाला नोट्स झाल्याच नाहीत" अशी तक्रार केली, आणि ती मी गंभीरपणे घेतली. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की सक्रिय अध्ययनाच्या, म्हणजे नुसते व्याख्यान न ऐकता स्वतः प्रश्न सोडवत शिकण्याच्या, वर्गातले विद्यार्थी प्रत्यक्षात अधिक शिकले, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. डोक्याला ताण देऊन शिकताना तसे वाटणे साहजिक आहे. आता मी सत्राच्या पहिल्याच तासाला हे मोकळेपणाने सांगते आणि प्रत्येक प्रश्नानंतर पाच ओळींचे टिपण लिहून देते. तक्रारी बऱ्याच कमी झाल्या आहेत.

सहकाऱ्यांना एक विनंती आहे. प्लिकर्स प्रत्येक विद्यार्थ्याच्या उत्तरांचा अहवाल जपून ठेवते आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलसाठी तो सोयीचा वाटू शकतो. परंतु त्यावरून अंतर्गत गुण देऊ नयेत. गुणांची भीती आली की विद्यार्थी स्वतःला वाटते ते उत्तर देण्याऐवजी सुरक्षित उत्तर शोधू लागतात आणि मग त्यांच्या मनातला गोंधळ आपल्याला पुन्हा दिसेनासा होतो. मी हा अहवाल फक्त पुढच्या तासाची तयारी करताना पाहते.

साठपर्यंतच्या वर्गासाठी, विशेषतः विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या पहिल्या वर्षासाठी, मी हे साधन निःशंकपणे सुचवते. आठवड्यातून एका तासाला, एकाच प्रश्नाने सुरुवात करावी. लॅमिनेशनविना छापलेला माझा दुसरा संच अजून चालू आहे. त्यातली फक्त सतरा आणि बेचाळीस क्रमांकाची कार्डे मला नव्याने छापावी लागली.