हास की विल्यम्स? उसन्या इंजिनाच्या दोन घरांपैकी जीव कुठे लावावा

२०१८च्या जुलैअखेरीस फॉर्म्युला वनमधली फोर्स इंडिया ही टीम पैशाअभावी प्रशासकाच्या ताब्यात गेली आणि महिन्याभरात बेल्जियममधल्या स्पाच्या ट्रॅकवर तीच गुलाबी गाडी वेगळ्या नावाने उतरली. माझ्यासारखे कितीतरी जण त्या दिवशी बिनटीमचे झाले. याच स्पाला २००९मध्ये फोर्स इंडियाच्या फिसिकेलाने पोल, म्हणजे सुटताना सगळ्यात पुढची जागा, घेतली होती आणि शर्यतीत तो रायकोनेनच्या फेरारीमागे एका सेकंदाच्या आत दुसरा आला होता. कारखाना सिल्व्हरस्टोनचा, इंजिन मर्सिडीजचं, पण नावात इंडिया होतं. तेव्हापासून मोठ्या टीममध्ये माझं मन रमलंच नाही. दुसऱ्याकडून इंजिन घ्यायचं आणि त्यालाच मागे टाकायला बघायचं, हे पाहण्यासाठीच मी रविवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्हीसमोर बसतो.

आता भाचा विचारतो, "मामा, मी कुणाला धरू?" त्याला मॅक्लारेन नको आहे. मर्सिडीजचंच इंजिन घेऊन मॅक्लारेनने २०२४ला मर्सिडीजसकट सगळ्यांना मागे टाकलं, पण त्यांना लहान टीम म्हणणं अवघड आहे. मी टीम शोधत होतो तेव्हा माझ्यापुढे दोनच नावं उरली होती, हास आणि विल्यम्स. त्याच्यापुढेही तीच ठेवतो.

इंजिन दोघीही विकतच घेतात. विल्यम्स २०१४पासून मर्सिडीजकडून घेते, हास २०१६ला आली तेव्हापासून फेरारीकडून. फरक पुढे आहे. नियमात जे जे विकत घ्यायची मुभा आहे ते ते हास घेते. गिअरबॉक्स फेरारीचा, सस्पेन्शन फेरारीचं, गाडीवरचा वारा तपासायचा विंड टनेल फेरारीचा, चासी म्हणजे गाडीचा सांगाडा इटलीतल्या डलाराकडून. विल्यम्स मात्र कितीतरी वर्षं गिअरबॉक्ससुद्धा ग्रोव्हला, इंग्लंडातल्या आपल्या कारखान्यात, घरीच करत होती. तो मर्सिडीजकडून घ्यायला त्यांनी २०२२ला सुरुवात केली.

हासच्या पद्धतीला नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. तयार घरात राहायला जाण्यात कमीपणा कसला? पहिल्याच शर्यतीत, मेलबर्नला, त्यांचा ड्रायव्हर ग्रोजाँ सहावा आला आणि पुढच्याच बहारीनला पाचवा. नव्या टीमला हे सहसा जमत नाही. २०१८ला तर वर्षाच्या गुणतक्त्यात हास पाचवी आली. त्याच वर्षीची मेलबर्नची शर्यत मी कधी विसरणार नाही. आपल्याकडे सकाळचे अकरा वाजले असतील, पोह्यांची ताटली हातात होती. हासचे दोघे, मॅग्नुसन चौथा, ग्रोजाँ पाचवा. आधी मॅग्नुसन टायर बदलायला पिटमध्ये आला, बाहेर पडला आणि थांबला, चाक नीट बसलंच नव्हतं. दोन फेऱ्यांनी ग्रोजाँचंही तेच. नंतर गॅरेजमध्ये ग्रोजाँ त्या खचलेल्या मेकॅनिकजवळ गेला आणि त्याला धीर दिला. ते पाहिल्यावर हासला थंड, विकतची टीम म्हणणं मला पटेनासं झालं. तिथलीही माणसं जीव तोडून राबतात.

विल्यम्सच्या बाजूने तेव्हा बोलण्यासारखं फार नव्हतं. २०१४ला ऑस्ट्रियात त्यांच्या मासा आणि बोटास यांनी सुटतानाची पहिली रांग अडवली होती, पण ते दिवस मागे पडले होते. २०१९ला मोसमाआधीची चाचणी सुरू झाली तरी गाडीच तयार नव्हती. अख्ख्या वर्षात एक गुण, तोही हॉकेनहाइमला अल्फा रोमिओच्या दोन्ही गाड्यांना दंड झाला म्हणून विल्यम्सच्या कुबित्साच्या वाट्याला आलेला. २०२०ला शून्य. इंजिन तेच, ज्याच्यावर मर्सिडीजचा हॅमिल्टन विजेता होत होता. २०१८पासून तर इंजिन विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकालाही इंजिनवाल्यांच्या स्वतःच्या टीमसारखंच हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर द्यावं लागतं, त्यामुळे आम्हाला जुनं इंजिन दिलं असं म्हणायलाही जागा नाही.

म्हणजे आकड्यांवर हास पुढे होती. तरी मी विल्यम्सकडे गेलो, आणि त्याला कारण झालं एक पत्रक.

२०२०च्या फेब्रुवारीअखेर, बार्सिलोनातली चाचणी संपता संपता, या खेळाची नियामक संस्था एफआयएने जाहीर केलं की फेरारीच्या इंजिनाची चौकशी झाली, आपसात तडजोड झाली आणि तपशील गुप्त राहील. चार-पाच दिवसांत इतर टीमचं जाहीर पत्रक आलं की हे आम्हाला मान्य नाही, आम्हाला कळलं पाहिजे. मी मोबाईलवर खाली सही केलेली नावं बोटावर मोजली. सात. टीम एकूण दहा. फेरारी नसणार हे उघडच होतं. उरलेल्या दोन म्हणजे हास आणि अल्फा रोमिओ. ज्यांच्या गाडीत तेच इंजिन बसणार होतं, नेमक्या त्याच दोघी गप्प.

मी त्यांना दोष देत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन एकाच घरून येत असेल तर त्या घराविरुद्ध सही कोण करेल? खाल्ल्या मिठाला जागावंच लागतं. पण मला ते फार लागलं. त्या मोसमात फेरारीचं इंजिन सरळ रस्त्यावर उघडं पडलं, खुद्द फेरारी सहावी आली आणि हासला वर्षभरात तीन गुण मिळाले. त्यातला किती दोष इंजिनाचा आणि किती त्यांच्या स्वतःच्या गाडीचा, हे दर रविवारी शर्यत संपल्यावर मी स्वतःला विचारायचो आणि उत्तर सापडायचं नाही. विल्यम्स त्याच वर्षी शून्यावर होती, तरी तिथे हा प्रश्नच नव्हता. इंजिन उत्तम, गाडी कमी पडली, आणि गाडी त्यांची होती. टीमवर जीव लावायचा तर तिचं अपयश तरी तिचं स्वतःचं हवं, असं मला तेव्हा वाटलं. दुसऱ्या कुणाला ही बाब किरकोळ वाटेल, ते मी समजू शकतो.

विल्यम्सच्या मागे लागलात तर त्रास भरपूर होईल, हे आधीच सांगतो. २०२४ला मेलबर्नच्या सरावात अल्बनची गाडी ठोकली गेली आणि टीमकडे जादा चासीच नव्हती. सार्जंटची काहीही चूक नसताना त्याची गाडी काढून अल्बनला दिली. मोटरस्पोर्टमधलं इतकं जुनं नाव, आणि दोन ड्रायव्हरमध्ये एक गाडी. हजारो भागांचा हिशेब इतकी वर्षं एका एक्सेल शीटवर चालला होता, हे त्यांचे प्रमुख जेम्स व्हाउल्स यांनीच उघडपणे सांगितलं. मला त्यातला उघडपणा भावला.

इंजिनदाता सोडून गेला तर काय, हीही भीती दोघींना सारखीच. १९८६ आणि १९८७ला होंडाच्या इंजिनावर टीमचं विजेतेपद घेणाऱ्या विल्यम्सकडून होंडा मॅक्लारेनकडे गेली. १९८८ला जड नावाच्या कंपनीचं इंजिन घेऊन त्यांना एकही शर्यत जिंकता आली नाही. पण चार वर्षांत विल्यम्स रेनोच्या इंजिनावर पुन्हा विजेती झाली, कारण गाडी बांधणारे हात घरातच होते. उद्या फेरारीने हात काढून घेतला तर हासला किती गोष्टी नव्याने उभ्या कराव्या लागतील, याचा विचार करा. बहुधा त्यांनीही केला असावा. २०२४च्या ऑक्टोबरात त्यांनी टोयोटाशी तांत्रिक भागीदारी जाहीर केली, ती मला त्यामुळेच शहाणपणाची वाटते. टीमप्रमुख कोमात्सुंच्या हाताखाली ती टीम सुधारली आहे यात शंका नाही.

भाच्याच्या घरी वडील पक्के फेरारीवाले आहेत. त्याने हास धरली तर दोघांना एकाच इंजिनासाठी ओरडता येईल, आणि पोराला बापाबरोबर शर्यत बघता येणं यापेक्षा मोठं काही नाही. म्हणून मी त्याला आग्रह केला नाही. फक्त २०२५ची बाकूची शर्यत त्याला पुन्हा लावून दिली. विल्यम्सचा साइन्झ दुसऱ्या क्रमांकावरून सुटतो, तिसरा येतो, आणि ग्रोव्हची निळी गाडी पोडियमखाली येऊन उभी राहते. शेवटच्या दहा फेऱ्या भाचा सोफ्याच्या कडेवर बसून होता.