ड्राफ्टिंग शिकायला गेलात आणि तयार डिटेल्सची फाईल घेऊन आलात?

ड्राफ्टिंगच्या, म्हणजे बांधकामाची ड्रॉइंग काढण्याच्या, कोर्सच्या नावात ‘व्यापारी इमारतींचे साहित्य व बांधकाम पद्धती’ असतं. प्रत्यक्षात सुरुवातीला सॉफ्टवेअरच्या कमांड, मग एका बंगल्याचा प्लॅन आणि शेवटी शेकडो तयार डिटेल्सची, म्हणजे एकेक जोड कसा करायचा ते दाखवणाऱ्या मोठ्या ड्रॉइंग्जची, फाईल. परीक्षा म्हणजे त्यातलं डिटेल उचलून शीटवर चिकटवणं. ड्रॉइंग देखणं दिसतं, त्यामुळे फसलोय हे कळायला नोकरी लागावी लागते.

कर्टन वॉलचं, म्हणजे इमारतीला बाहेरून लावलेल्या काचेच्या भिंतीचं, मलियन बघा; मलियन म्हणजे तिच्या सांगाड्याचा ॲल्युमिनियमचा उभा दांडा. ॲल्युमिनियम दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिमी वाढतं. ४ मीटरचं मलियन, तापमानात ५० अंशांचा फरक, म्हणजे ४.६ मिमी. म्हणून एका टोकाला पक्का आधार देतात, दुसरं टोक आतल्या स्लीव्हवर (आत बसणाऱ्या जोडतुकड्यावर) सरकतं ठेवतात आणि दोन तुकड्यांमध्ये फट सोडतात. स्लॅब वाकतो त्याचीही जागा त्यातच धरायची. फाईलमधल्या डिटेलमध्ये दोन्ही टोकं घट्ट बोल्ट केलेली असतात. मग सांध्यात भरलेलं सिलंट फाटतं, पाणी आत येतं, आणि दोष काच बसवणाऱ्याच्या माथी जातो.

फॉल्स सीलिंगचा हिशोबही कोणी करून घेत नाही. मजल्याची उंची ३६०० मिमी, स्लॅबसकट बीम ६००, इन्सुलेशनसकट एसीची हवा नेणारी डक्ट ४००, दिवे आणि सांगाड्याला १५०. सीलिंगखाली उरले २४५०. शीटवर मात्र बिनधास्त २७०० लिहिलेलं असतं, आणि डक्ट येऊन पडल्यावर साइटवर भांडणं सुरू होतात.

सगळ्यात घातक म्हणजे थंड प्रदेशातून उचललेलं भिंतीचं डिटेल. तिथे बाष्परोधक थर आतल्या बाजूला, कारण उबदार, दमट हवा आत असते. उष्ण, दमट हवेतल्या वातानुकूलित इमारतीत ओल बाहेरून येते. तेच डिटेल वापरलं तर इन्सुलेशनच्या आतच पाणी साचतं. रेषा तीच, जागा उलटी!

फी भरण्याआधी त्यांच्याच फाईलमधला पायापासून कठड्यापर्यंतचा एक काटछेद उघडायला सांगा. कुठल्याही रेषेवर बोट ठेवून विचारा: हे साहित्य कोणतं, जाडी किती, कशाला धरून आहे, आधी कोण बसवतो, पाणी कुठे अडतं? ‘ते साइटवाले बघून घेतात’ असं उत्तर आलं तर पैसे देऊ नका. आधीच दिले असतील तर लेखी अभ्यासक्रम आणि पावती जपून ठेवा, आणि शिकवलं न गेलेलं मुद्देसूद लिहून परतावा मागा.