टर्बोसाठी जुनं इंजिन घेताय? कॉम्प्रेशनच्या आकड्यावर पैसे देऊ नका

टर्बो लावायचा म्हणून कुणी वापरलेलं इंजिन शोधत असेल तर व्यवहार करण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले आणि ते परत मिळतील असं आता वाटत नाही. पण मला ज्या पद्धतीनं गंडवलं, त्या पद्धतीनं अनुभवी माणूसही फसू शकतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

मला दीड लिटरचं, चार सिलिंडरचं, लोखंडी ब्लॉकचं पेट्रोल इंजिन हवं होतं. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड फोर्ज्ड (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) घालायचे, कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधली हवा किती पट दाबली जाते तो आकडा) थोडा खाली आणायचा आणि सुरुवातीला अर्धा बार बूस्ट (टर्बोनं हवेला दिलेला जादा दाब) ठेवायचा, असा बेत होता. पिस्टन-रिंगा बदलायच्याच होत्या, म्हणजे मी खरं तर ब्लॉक आणि क्रँक विकत घेत होतो. त्यामुळे विकणाऱ्याला फोनवरच विचारलं, बोअर कधी मारलंय का, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा केलाय का? तो म्हणाला, "स्टँडर्ड बोअर आहे साहेब. गॅस्केट बदलायला फक्त हेड उतरवलं होतं, खालच्या कामाला कुणी हात लावलेला नाही."

इंजिन गाडीतून उतरवलेलं होतं, पण गिअरबॉक्स आणि स्टार्टर जागेवर होते, त्यामुळे बॅटरी जोडून सेल मारता येत होता. मी पोचलो तेव्हा चारही प्लग आधीच काढून, पुसून एका ट्रेमध्ये ठेवलेले. "तुमचा वेळ वाचवला," असं वर म्हणाला. कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते दाखवणारं) माझं स्वतःचं होतं. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून एकेक सिलिंडर तपासला. २१०, २०५, २१०, २१० पीएसआय. या इंजिनाचा नव्या अवस्थेतला आकडा १८०च्या आसपास. इतका जास्त कसा, असं विचारल्यावर त्याचं उत्तर तयार होतं: हेड उतरवलं तेव्हा प्लेन करून, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करून घेतलंय. हेड प्लेन केल्यावर कॉम्प्रेशन वाढतं हे खरंच आहे. इंजिन जाणणाऱ्याला पटेल असं खोटं त्यानं निवडलं होतं.

प्रत्यक्षात त्यानं मी यायच्या आधी प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून ऑइल सोडलं होतं. मेकॅनिक लोक कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा गेज लावतात. आकडा चढला तर रिंगा किंवा बोअर गेलेत, नाही चढला तर वाल्व किंवा गॅस्केट बघायचं. तीच युक्ती यानं उलटी वापरली. ऑइल रिंगांच्या फटी बुजवतं, शिवाय जागाही अडवतं. हिशेब करून बघा. दीड लिटरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३७५ सीसी येतात. रेशो १०:१ असेल तर पिस्टन वर आल्यावर साधारण ४२ सीसी जागा उरते. त्यात ५ सीसी ऑइल पडलं की रेशो ११च्या पुढे जातो. झिजलेलं इंजिन नव्यापेक्षा तरणं दिसतं ते असं.

माल सरळ मशीन शॉपमध्ये नेला. हेड निघालं तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर काळ्या कार्बनमध्ये ऑइलची डबकी होती. मिस्त्रींनी रॉकेलचा बोळा घेऊन पहिल्या पिस्टनचा माथा घासला आणि काही न बोलता बोट ठेवून दाखवलं. कार्बनखाली आकडा कोरलेला होता: १.००. म्हणजे बोअर एक मिलिमीटर मोठं करून झालेलं, आणि या इंजिनाची ती शेवटची ओव्हरसाइज (वाढीव माप). त्यातही तिसऱ्या सिलिंडरमध्ये नखाला अडकेल अशी उभी रेघ. पुढे बोअर मारायला जागाच नव्हती.

यापेक्षा वाईट नंतर निघालं. ब्लॉक बाहेरून छान काळा रंगवलेला होता. तो कॉस्टिकच्या गरम टाकीत धुवायला टाकला, रंग उतरला आणि पाण्याच्या जॅकेटवर (सिलिंडरभोवती पाणी खेळतं त्या पोकळीच्या भिंतीवर) राखाडी इपॉक्सीची पट्टी उघडी पडली. स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं ती खपलीसारखी निघाली. खाली बोटभर लांब तडा. बहुधा कधीतरी कूलंटऐवजी नुसतं पाणी भरलं असेल आणि ते गोठलं असेल.

असा ब्लॉक बिनटर्बोच्या गाडीत सावकाश चालवला तर काही काळ चालेलही. बूस्टखाली प्रत्येक स्फोटाचा दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात. पातळ भिंत दाबाखाली किंचित फाकते, रिंगांची पकड सुटते, खाली क्रँककेसमध्ये गॅस उतरतो. आणि भिंत चिरली तर पाणी थेट सिलिंडरमध्ये येतं. सगळं नवं सामान त्या एका ब्लॉकबरोबर भंगारात.

म्हणून प्लग इंजिनातच असले पाहिजेत आणि ते तुम्हीच काढले पाहिजेत, एकेक करून, क्रमानं. प्लग बोलतो. आटे ऑइलनं भिजलेत का, पोर्सिलीनवर अॅल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके आहेत का, हे बघा. ठिपके असतील तर आत डिटोनेशन (इंधनाचा बेताल स्फोट) झालंय आणि पिस्टन वितळायला लागलेत. मग भोकांवर स्वच्छ फडकं धरून पाच-दहा सेकंद सेल मारा. ऑइल ओतलेलं असेल तर फडक्यावर फवारा येतो. मोबाइलला जोडायचा कॅमेरा भोकातून आत सोडा. पिस्टनचा माथा ओला चकचकीत दिसला तर तिथेच थांबा. कोरडा असेल तर भिंतीवर होनिंगच्या (भिंत बारीक घासल्याच्या) तिरक्या रेषा शिल्लक आहेत का ते पाहा.

कॉम्प्रेशनपेक्षा लीक-डाउन टेस्टवर माझा जास्त भरवसा आहे. तीसुद्धा ऑइल उडवून झाल्यावरच करायची, कारण ताजं ऑइल तिलाही थोडा वेळ चकवतं. पिस्टन वरच्या टोकाला आणून, क्रँक फिरणार नाही असा धरून हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. ऑइल फिलरमधून फुसफुसली तर रिंगा, थ्रॉटलमधून आली तर इनटेक वाल्व, सायलेन्सरच्या बाजूनं आली तर एक्झॉस्ट वाल्व. रेडिएटर जोडलेला असेल आणि त्यात बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा तडा. गळती दहा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, वीसच्या पुढे असेल तर टर्बोचा विषय सोडा. आणि ऑइल फिल्टर कापून बघा. कागदाच्या घड्यांत चमकी दिसली तर चुंबक फिरवा. चिकटली तर लोखंड-पोलाद, नाही चिकटली तर बहुतेक बेअरिंगचा थर.

बोअरची जाडी आणि तडा या दोन गोष्टी मात्र विकणाऱ्याच्या जागेवर धड कळत नाहीत. त्यासाठी ब्लॉक धुऊन घ्यावा लागतो. मग बोअर गेज, भिंतीची जाडी मोजायचं अल्ट्रासॉनिक यंत्र, प्रेशर टेस्ट, आणि लोखंडी ब्लॉक असेल तर तड्यांसाठी मॅग्नेटिक तपासणी. ताजा रंग आणि नवं सीलंट दिसलं तर हे टाळूच नका.

मी फोटो पाठवल्यावर त्याचं म्हणणं एवढंच होतं, "विकलं तेव्हा सेल मारल्यावर फिरत होतं ना? खोललेल्या मालाची जबाबदारी आमची नाही." हेच वाक्य तो पुढच्यालाही ऐकवणार. बोअर स्टँडर्ड, तडा नाही, वेल्डिंग किंवा भरणी नाही, आणि मशीन शॉपमध्ये खोलून तपासल्यावर यातलं काही खोटं निघालं तर पूर्ण पैसे परत, असं बिलावरच इंजिन नंबरसह लिहून सही मागा. पूर्ण रक्कम तपासणी झाल्यावर द्या. लिहून द्यायला जो कां कूं करेल, त्याचं इंजिन कितीही स्वस्तात मिळत असलं तरी घेऊ नका.