तळ्याचा गाळ हातात आलाय, आता परागकण मोजायचे की आयसोटोप?

जुनं हवामान शोधायच्या एमएस्सीच्या प्रोजेक्टला गाळाचा कोअर (तळाशी नळी खुपसून काढलेला थरांचा उभा दांडा) मिळाला की पहिला प्रश्न हाच. उदाहरणाला लोणार घेऊ, कारण तिथल्या साधारण 10 मीटरच्या कोअरवरून गेल्या 11 हजारेक वर्षांतल्या पावसाचा अंदाज बांधलेला आहे.

परागकणांचं बरं काय, तर झाडाचं नाव कळतं, निदान कुळ तरी, आणि झाडांवरून हवामान. मायक्रोस्कोप बहुतेक कॉलेजात असतोच, त्यामुळे खर्चही आवाक्यातला. पण मेहनत प्रचंड, गाळातून कण सुटे करायला आधी एचसीएल मग केओएच मग एचएफ (हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड) मग अ‍ॅसिटोलिसिस अशी रसायनांची रांग, आणि एचएफ म्हणजे चेष्टा नाही, नीट चालणारा फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून घेणारं कपाट) नसेल तर त्याच्या वाटेला जाऊच नका. त्यानंतर दर सॅम्पलमागे 300 एक कण मोजत बसायचं, त्यात गवताचे सगळे कण जवळपास सारखेच दिसतात. शिवाय साग, पळस यांचे कण किडे-पक्षी नेतात म्हणून गाळात ते कमीच पडतात, उलट पाइनचे कण वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जातात, तेव्हा सागाचे कण सापडले नाहीत म्हणून सागच नव्हता असं लिहून मोकळं होऊ नका.

दुसरीकडे गाळात टिकलेल्या, पानांवरच्या मेणातला कार्बन आयसोटोप, म्हणजे जड आणि हलक्या कार्बनचं प्रमाण. तो एवढंच सांगतो की सी-3 झाडं जास्त होती की सी-4 गवतं (सी-3, सी-4 म्हणजे वनस्पतींच्या कार्बन शोषण्याच्या दोन पद्धती). कोरडं हवामान आलं की आपल्याकडे सी-4 वाढतात, आकडे स्वच्छ येतात, ग्राफ बघून गाइड खूश. मशीन महागडं, ते दुसऱ्याच्या लॅबमध्ये नंबर लावून मिळणार. पण खरी गोची ज्वारीची! ज्वारी-बाजरी दोन्ही सी-4, म्हणजे वरच्या थरांत सी-4 वाढलेलं दिसलं तर पाऊस कमी झाला की कोणीतरी जंगल तोडून ज्वारी पेरली, हे आयसोटोप एकटा सांगूच शकत नाही. तिथे परागकण किंवा खनिजं सोबत लागतातच. लोणारला नशिबाने गेलुसाइट या खनिजाचे स्फटिक आहेत, पाणी आटून खारट झालं की ते तयार होतात, शेतीशी संबंध नाही, आणि त्यावरूनच 4600 ते 3900 आणि 2000 ते 600 वर्षांपूर्वीचे कोरडे काळ धरलेत.

डायटमचा (सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं) विचार असेल तर लोणारला नको, पाण्याचा पीएच 10 च्या आसपास, सिलिका विरघळते.

माझं मत विचाराल तर एकट्याने, एका वर्षात करायचं असेल तर परागकण घ्या, सॅम्पल थोडे घ्या. प्रश्न फक्त ओलं-कोरडं एवढाच असेल आणि मशीनची सोय पक्की असेल तरच आयसोटोप.

आणि काहीही निवडा, थरांचं वय सांगणाऱ्या कार्बन-14 च्या तारखांचे पैसे आधी बाजूला काढा, जमलं तर अख्ख्या चिखलाऐवजी पानाच्या तुकड्यांची तारीख काढा कारण पाण्यातला जुना कार्बन वय वाढवून दाखवतो. राजस्थानातल्या तळ्यांच्या परागकणांवरून 1970 च्या दशकात हडप्पाची भरभराट जास्त पावसाशी जोडली होती, मग 1999 मध्ये तिथल्याच लुणकरणसर तळ्याच्या गाळाच्या नव्या तारखा आल्या आणि कळलं की ते तळं हडप्पाची मोठी शहरं उभी राहायच्या कितीतरी शतकं आधीच आटलं होतं.